तिसऱ्या दरवाज्यातली दुपार: संरक्षित किल्ल्यावरच्या बंदोबस्ताचं एक प्रकरण

किल्ल्याचं, तालुक्याचं आणि माणसांचं नाव यात दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन बारीक तपशीलही बदलले आहेत. त्या दिवशी पोलीस ठाण्याचा प्रभारी मी होतो, त्यामुळे यातल्या बहुतेक चुका माझ्या खात्यावर जमा धराव्यात.

पार्श्वभूमी

सह्याद्रीतला हा मध्यम उंचीचा किल्ला. पायथ्याच्या गावापर्यंत डांबरी रस्ता जातो, तिथून पायऱ्या. चढताना एकामागोमाग चार दरवाजे लागतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दरवाज्याच्या मधली वाट नागमोडी वळलेली, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला तट, रुंदी जेमतेम सात-आठ फूट. वर येणाऱ्या शत्रूला घाई करता येऊ नये, वळणावर त्याची कोंडी व्हावी, म्हणून ती तशी बांधलेली. पावसाळ्यातल्या रविवारी ती योजना आजही चोख चालते. फक्त कोंडीत सापडतात ते छत्र्यावाले, कडेवर पोरं घेतलेले बाप आणि भाजलेली कणसं खात निघालेली कॉलेजची मुलं.

किल्ला केंद्र संरक्षित आहे, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या अधिनियमातल्या कलम 30 प्रमाणे अशा स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण हा गुन्हा आहे. पूर्वी त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड एवढीच शिक्षा होती. 2010 च्या दुरुस्तीनं ती दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी झाली. कलम 32 प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. हे 32 ध्यानात ठेवा, पुढे माझं गाडं नेमकं तिथंच अडलं. राज्य संरक्षित किल्ल्यांना 1960 चा राज्याचा वेगळा अधिनियम लागतो, म्हणून बंदोबस्ताला जाण्याआधी आपला किल्ला कोणाच्या यादीत आहे हे अंमलदाराला ठाऊक हवं. आमच्या ठाण्यात विचारलं असतं तर निम्म्यांनी चुकीचं सांगितलं असतं.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात तटाच्या आतलं पुरातत्त्वकडे, बाहेरचा उतार वनखात्याकडे, पार्किंगची पावती ग्रामपंचायतीकडे, आणि या तिन्हींपैकी कुठंही माणूस पडला, भांडला किंवा हरवला की तो आमच्याकडे. अमेरिकेत वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी आणि स्मारकांसाठी पार्क पोलीस म्हणून वेगळं दल आहे. आपल्याकडे स्मारकाचा बंदोबस्त हे हद्दीतल्या ठाण्याच्या शंभर कामांपैकी एक, आणि यादीत बरंच खालचं.

त्या आठवड्यात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. दिवस 7 जुलै 2024, रविवार. बरोबर आठवड्यापूर्वी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली होती. त्यानंतर धबधब्यांवर आणि धरणांवर बंदोबस्त कडक झाला, आणि भिजायला निघालेली मंडळी पाण्याकडून गडांकडे वळली. दुसरी गोष्ट, आषाढी एकादशी 17 तारखेला होती. पालख्या वाटेवर होत्या आणि आमचे अकरा जण वारीच्या बंदोबस्तात. तिसरी गोष्ट म्हणजे 1 जुलैपासून लागू झालेले नवे फौजदारी कायदे. हा त्यांचा पहिला रविवार. प्रथम खबरीचं (एफआयआर) कलम 154 चं 173 झालं होतं, अटक न करता हजर राहायला सांगणाऱ्या नोटिशीचं 41-अ चं 35(3). टेबलाच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता सरकवला होता. आमचे ठाणे अंमलदार तो समोर असूनही जुनं कलम लिहून खोडत होते.

गडावर आमचे एक हवालदार होते, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेले. त्यांच्यासोबत दीड वर्ष नोकरी झालेली एक महिला शिपाई आणि चार होमगार्ड. स्मारकाचे स्वतःचे दोन सुरक्षारक्षक तिकीटघरावर आणि एक परिचर वर.

काय घडलं

साडेअकरालाच हवालदारांचा फोन आला होता. "साहेब, आज माणूस जास्त आहे. खाली गाड्या थांबवता येतील का बघा." मी "बघतो" म्हणालो. त्या वेळी माझ्यासमोर एका अपघाताचा पंचनामा आणि रडणारे नातेवाईक होते. पायथ्याला कोणाला पाठवायचं हा प्रश्न होता, आणि वाटलं, दुपारी जेवणाच्या वेळी गर्दी आपोआप ओसरेल. हा पहिला निर्णय, आणि तो न घेतलेला निर्णय आहे. असे निर्णय स्टेशन डायरीत सापडत नाहीत.

पावणेएकच्या सुमारास तिसऱ्या दरवाज्याच्या आतल्या बुरुजाशी चार पोरं उभी होती, जवळच्या शहरातून आलेली. त्या बुरुजाला दोनेक वर्षांपूर्वी चुन्याचा नवा गिलावा झाला होता. त्यातल्या एकानं चाव्यांच्या जुडग्याला लावलेल्या छोट्या चाकूनं गिलाव्यावर नाव कोरायला घेतलं, दुसऱ्यानं शेजारी बदाम काढला आणि त्यात बाण. चुना दगडापेक्षा मऊ, पावसानं ओला. पाच मिनिटांत काम झालं असेल. उरलेले दोघं छत्री धरून उभे.

त्याच वेळी दुर्गसंवर्धनाचं काम करणारा एक गट वर टाक्यातला गाळ काढून परत निघाला होता. चौदा जण, चिखलानं माखलेले, सकाळी सहापासून राबलेले. यांच्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. ही मंडळी महिन्यातून एक रविवार स्वतःच्या खर्चानं येतात, घमेली वाहतात, दारूच्या बाटल्या वेचून पोत्यात भरून खाली नेतात. त्यांचा राग कुठून येतो ते मला कळतं. ओल्या चुन्यावर ताजी अक्षरं आणि हातात चाकू, असं दिसल्यावर त्यांनी पोरांना धरलं, दोन-चार थपडा लगावल्या आणि कान पकडून उठाबशा काढायला लावल्या. एकानं मोबाइल काढला. बघ्यांनी कडं केलं. घोषणा सुरू झाल्या.

हे सगळं अगदी तिसऱ्या दरवाज्याच्या तोंडाशी. बघ्यांच्या कड्यामुळे वाट बंद झाली. खालून येणाऱ्यांना वर काय चाललंय ते दिसत नव्हतं; धुकं होतं आणि वळण आड येत होतं. ते चढत राहिले. वरून उतरणारे थांबले. दहा मिनिटांत दोन्ही दरवाज्यांच्या मधल्या वळणात माणसाला माणूस चिकटला.

उठाबशांचा विषय चर्चेत येतो, कारण त्याचा व्हिडिओ आहे. माझ्या लेखी खरा धोका त्या वळणात होता. तिथं कोणी घसरलं असतं, किंवा कोणी नुसतं "दरड!" असं ओरडलं असतं, तर आज हे प्रकरण वेगळ्या मथळ्याखाली लिहावं लागलं असतं.

हवालदारांपुढचे पर्याय

ते दुसऱ्या दरवाज्यात होते. वरून कोणीतरी ओरडत निरोप दिला की पोरांना मारतायत. रेंज येऊन-जाऊन. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या: दरवाजा सोडून वर जायचं, किंवा दरवाज्यातच थांबून खालची माणसं अडवायची.

त्यांनी शिपाई मॅडम आणि दोन होमगार्डना दरवाज्यात उभं केलं, "एकही माणूस वर सोडायचा नाही, माझं नाव सांगा" असं बजावलं आणि एका होमगार्डला घेऊन वर निघाले. एरवी पाच-सहा मिनिटांची चढण, त्यांना पंचवीस मिनिटं लागली. पण जाता जाता त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. बघ्यांच्या घोळक्याकडे धावत सुटले नाहीत. वाटेत प्रत्येक वळणावर थांबून लोकांना तटाच्या बाजूनं हटवून कातळाच्या बाजूला सरकवत गेले. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब, दोन कानाखाली खाल्ल्यानं पोरगं मरत नाही. तटावरून गेलं तर मरतं." वाक्य कानाला कडू लागतं आणि मारहाणीला कमी लेखतं, तरी क्रम बरोबर होता.

त्यांच्या जागी मी असतो तर थेट वर धावलो असतो, आणि चुकलो असतो.

वर पोचल्यावर खरा पेच. पोरांना घेऊन लगेच खाली उतरावं तर वाटच शिल्लक नव्हती, शिवाय चिडलेल्या गर्दीतून चौघांना चालवत नेणं म्हणजे प्रत्येक पायरीवर एक टप्पल. माफी मागायला लावून सोडून द्यावं, तर तो दखलपात्र गुन्हा गर्दीसमोर मिटवल्यासारखं झालं असतं, आणि गर्दी ती मिटवू देण्याच्या मनःस्थितीत नव्हती. तिसरा पर्याय त्यांना तिथल्या दगडांनीच सुचवला. दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. त्यातल्या एकीत चौघांना बसवलं, स्वतः तोंडाशी आडवे उभे राहिले आणि होमगार्डला बाजूला उभं केलं. ज्या कामासाठी ती देवडी बांधली होती, त्या कामाला ती बऱ्याच काळानं आली असेल.

मग ते गटाच्या म्होरक्याकडे वळले. त्याला सगळे दादा म्हणतात. हवालदार म्हणाले, "दादा, गुन्हा दाखल होणार, माझा शब्द. पण खाली वळणात बायापोरं अडकलीत. तुमची पोरं आणि तुमचा दोर मला द्या." गाळ काढायला आणलेला दोर होता. पंधरा मिनिटांपूर्वी कानाखाली मारणारी माणसं दोर धरून वाटेच्या मधोमध उभी राहिली, कातळाच्या बाजूनं उतरणारे, तटाच्या बाजूनं कोणी नाही. कोंडी सुटायला पाऊण तास लागला. दोन बायकांना भोवळ आली, एका मुलाचा पाय मुरगळला, याहून जास्त काही झालं नाही.

या निर्णयाची दुसरी बाजू संध्याकाळी समोर आली. ज्यांना मदतीला घेतलं त्यांच्यावरच मारहाणीचा आळ होता, तेच साक्षीदार होते, आणि त्यातल्या दोघांची नावं हवालदारांनी घाईत पंच म्हणून लिहून घेतली होती. दोर धरायला दादांची माणसं घेणं ठीक. पंच मात्र गर्दीतला कोणीही तिऱ्हाईत चालला असता. बचावाच्या वकिलानं पुढे हाच मुद्दा उचलला.

ठाण्यातली बाजू

मला बातमी एक वाजून पाच मिनिटांनी कळली, आणि ती हवालदारांकडून नव्हे. बावन्न सेकंदांचा व्हिडिओ माझ्या मोबाइलवर तीन ग्रुपांतून आला. त्यापाठोपाठ कंट्रोल रूमचा फोन, त्यापाठोपाठ एका स्थानिक पुढाऱ्याचा. पोरांपैकी एकाचे वडील त्याच्या ओळखीतले. "लहान पोरं आहेत, समज देऊन सोडा." पुढच्या दहा मिनिटांत उलट्या बाजूचे फोन: "सोडलंत तर ठाण्यासमोर बसू."

मी पहिलं काम केलं ते पायथ्याची वाहतूक बंद करण्याचं. हद्दीतल्या पोलीस पाटलांना फोन लावला, त्यांनी गावातली चार पोरं आणि एक ट्रॅक्टर रस्त्यात आडवा लावला. मागून आमची गाडी पोचली. गड बंद करण्याचा अधिकार कोणाचा यावर वाद घालता येतो. रस्त्यावरची माणसं थांबवायला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 68 पुरेसं आहे: पोलिसानं कर्तव्य बजावताना दिलेली वाजवी सूचना पाळणं लोकांवर बंधनकारक. हेच कलम साडेअकरा वाजताही पुस्तकात होतं. ट्रॅक्टरही गावातच होता.

अडीच वाजता पोरांना खाली आणलं, उलट्या बाजूच्या चोरवाटेनं, परिचरानं दाखवलेल्या. ठाण्यात आल्यावर नाव, पत्ता, वय. कोरणारा बावीस वर्षांचा. बदाम काढणाऱ्यानं अठरा सांगितलं, कॉलेजच्या ओळखपत्रावरून हिशेब केला तर सतरा वर्षं चार महिने.

इथं सगळं चित्र बदललं. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अठराखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यानं साध्या कपड्यांत त्याच्याशी बोलायचं, पालकांना कळवायचं. हे आम्ही केलं. पण त्याच अधिनियमाचं कलम 74 सांगतं की अशा मुलाची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करता येत नाही; केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. आणि त्याचा चेहरा, रडणारा, कान पकडलेला, तोवर तालुकाभर फिरत होता. गडावर वय विचारलं गेलं नव्हतं. विचारलं असतं तर व्हिडिओ थांबला असता असं नाही, निदान दादांना तिथल्या तिथं सांगता आलं असतं.

गुन्हा कोणता, फिर्यादी कोण

माझ्यासमोर तीन रस्ते होते.

एक, स्मारकांच्या अधिनियमाखालच्या 1959 च्या नियमांप्रमाणे किरकोळ दंड. नियम 8 मध्ये स्मारकाला इजा पोचेल असं काहीही करायला मनाई आहे आणि नियम 9 प्रमाणे पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांना प्रकरण लवकर संपवायचं होतं त्यांना हा आवडला असता.

दोन, माफीनामा लिहून घेऊन समज. पुढाऱ्याची इच्छा.

तीन, कलम 30 खाली रीतसर गुन्हा.

मी तिसरा घेतला, आणि आजही तो बरोबर वाटतो. गिलाव्यात नखाएवढी खोल अक्षरं चाकूनं कोरली होती. याला किरकोळ म्हटलं तर गंभीर कशाला म्हणायचं? पण गुन्हा दाखल करायला मी रात्री पावणेनऊपर्यंत थांबलो, कारण फिर्यादी स्मारकाच्या खात्याचाच अधिकारी हवा असं माझ्या डोक्यात बसलेलं होतं. त्यांचा जवळचा अधिकारी दुसऱ्या स्मारकावर होता, सत्तर किलोमीटरवर. रविवार असूनही तो पावसातून आला, त्याला बोल लावण्यासारखं काही नाही. वाट पाहण्याची गरजच नव्हती. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतो. परिचर देऊ शकला असता, दादा देऊ शकले असते, सरकारतर्फे माझा हवालदार देऊ शकला असता. कलम 32 मी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि वापरलेलं यात त्या दिवशी आठ तासांचं अंतर पडलं.

या आठ तासांनी दोन गोष्टी बिघडवल्या. पोरं आणि त्यांचे आईबाप बाकड्यावर बसून राहिले, बाहेर जमाव वाढत गेला, आणि "साहेब मिटवतायत" ही बातमी पसरली. दुसरी जास्त महाग पडली: घटनास्थळाचा पंचनामा मी सकाळवर टाकला. अधिकाऱ्यासोबतच करू म्हटलं. गडावर रात्री माणूस ठेवला नाही.

सोमवारी सकाळी नऊला वर गेलो तर बुरुजावर अक्षरांच्या जागी पांढरा ओरखडलेला पट्टा. रात्री किंवा पहाटे कोणीतरी तारेच्या ब्रशनं घासून नाव मिटवलं होतं. हेतू चांगलाच असणार. ते नाव तिथं राहणं कोणाला तरी सहन झालं नाही. त्यात गिलाव्याचा वरचा थर हातभर जागेत निघून आला. मूळ अक्षरांनी झालेल्या नुकसानीपेक्षा हे जास्त. अशी सफाई खात्याच्या रसायन जाणणाऱ्या माणसांचं काम आहे, कारण चुना, वालुकाश्म आणि बेसाल्ट प्रत्येकाला वेगळा उपचार लागतो. हवालदारांनी आदल्या दिवशी वर असताना ब्रश घेऊन आलेल्या एकाला हटकलं होतं. ते खाली उतरले आणि राखण संपली.

प्रकरण वाचलं ते महिला शिपायामुळे. कोंडी सुटल्यावर ती वर गेली होती. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं अक्षरांचे अकरा फोटो काढले, लांबून, जवळून, बाजूनं बॅटरी मारून खोली दिसेल असे. पट्टी नव्हती म्हणून शेजारी पेन धरलं. चाकू ताब्यात घेतानाचं चित्रीकरणही तिनंच केलं. झडती-जप्तीचं चित्रीकरण करायला सांगणाऱ्या, नव्या संहितेच्या कलम 105 चं प्रशिक्षण तिला महिन्यापूर्वीच मिळालं होतं आणि आम्हा जुन्यांपेक्षा तिच्या डोक्यात ताजं होतं. तो फोटोंचा संच नसता तर न्यायालयात आम्ही घासलेला चुना दाखवत बसलो असतो.

निष्पन्न

बावीस वर्षांच्या मुलाला अटक केली नाही. सात वर्षांखालच्या शिक्षेचा गुन्हा, पत्ता पक्का, पळून जाण्याची शक्यता नाही. कलम 35(3) चं सूचनापत्र देऊन सोडलं. अल्पवयीन मुलगा प्रौढासोबत सामील असल्यानं त्याच्याबाबतही गुन्हा नोंदवता आला. त्याचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे गेला. छत्री धरणारे दोघं साक्षीदार झाले.

सूचनापत्र म्हणजे काय हे बाहेर जमलेल्यांना समजावण्यात माझा एक तास गेला. लोकांच्या दृष्टीनं पोरं रात्री घरी गेली, म्हणजे सुटली. मी प्रवेशद्वारात उभं राहून बोललो, आवाज चढवून, पावसात. तेच मी दादांना आणि दोघा-तिघांना आत बोलावून, चहा देऊन, एफआयआरचा पहिला कागद दाखवून बोललो असतो तर त्यांनीच बाहेर जाऊन समजावलं असतं. हवालदारांनी दुपारी हाच उपाय वापरला होता. मला तो संध्याकाळी आठवला नाही.

थपडांचं काय? मुलाच्या वडिलांनी तक्रार द्यायला नकार दिला. "आमचंच नाणं खोटं," म्हणाले. मी तसा जबाब लिहून घेतला आणि डायरीत नोंद केली. व्हिडिओ टाकणाऱ्याला बोलावून कलम 74 वाचून दाखवलं, त्यानं मूळ पोस्ट काढली. प्रती फिरत राहिल्या. गुन्हा मी नोंदवला नाही. माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींना हे व्यवहारी वाटतं. मला आता वाटतं की तिथं मी तोल सांभाळायच्या नादात कच खाल्ली. गडाची भिंत खरवडणाऱ्यावर कलम आणि पोराची अब्रू खरवडणाऱ्याला समज, हा हिशेब त्या पोरानं कसा लावला असेल? तो मुलगा पुढे दोन महिने कॉलेजला गेला नाही, हे मला त्याच्या आईकडून कळलं.

प्रौढ आरोपीनं वर्षभरानं गुन्हा कबूल केला, न्यायालयानं दंड केला. मुलाला मंडळानं समुपदेशन आणि सामुदायिक सेवा सांगितली. गिलाव्याची दुरुस्ती पावसाळा संपल्यावर झाली, कारण ओल्या हवेत चुन्याचं काम नीट बसत नाही. जुन्या-नव्याच्या रंगात फरक आहे, जवळ गेलं की कळतो.

आता करायचं झालं तर

साडेअकराच्या फोनवर "बघतो" म्हणायचं नाही. वर असलेल्या माणसाला गर्दी जास्त वाटली की खाली गाड्या थांबतील, अधिकाऱ्याच्या परवानगीची वाट न पाहता, एवढं आधी ठरवून ठेवायचं. हे आम्ही पुढच्याच रविवारपासून केलं. पोलीस पाटलांकडे सूचना, गावच्या पोरांना शिट्ट्या आणि फ्लोरोसंट जाकिटं, दुसऱ्या दरवाज्यात आणि तिकीटघरावर एकेक वॉकीटॉकी, कारण मोबाइलला धुक्यात रेंज नसते. वळणात कायमचा दोर बांधायचा विचार होता. तटात खिळा ठोकायचा नाही हे ध्यानात आल्यावर खाली वजनाला वाळूची पोती ठेवून खांब उभे केले. स्मारक राखताना आपणच त्यात खिळे ठोकत असतो, हे कळायलाही एक परिचर लागला. "साहेब, खिळा नको," एवढंच म्हणाला.

गडावर अंमलदाराकडे एक कागद असतो आता. पहिल्या ओळीत वय विचारा, दुसऱ्या ओळीत पट्टी ठेवून फोटो, तिसऱ्या ओळीत तिऱ्हाईत पंच, चौथ्या ओळीत घासू नका, झाका. झाकायला ताडपत्रीचा तुकडा आणि राखायला रात्री एक होमगार्ड. कागद त्या महिला शिपायानं तयार केला, मी फक्त सही केली.

दादांच्या गटाशी बैठक झाली ती बरीच गरम झाली. त्यांचं म्हणणं, "आम्ही धरलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं." खरं होतं. मी म्हणालो, धरा. हात लावू नका, चेहरा घेऊ नका, अक्षरांचा फोटो घ्या आणि फोन करा. चौदापैकी अकरांनी मान डोलावली. तिघं उठून गेले, त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही. गटाला ठाण्यातर्फे दंडपट्ट्या द्याव्यात अशी त्यांची मागणी होती, ती मी नाकारली. पट्टी दंडावर आली की थप्पडही सरकारी होते.

ही घडी पाच रविवार बसली. 15 ऑगस्ट त्या वर्षी गुरुवारी आला, पाठोपाठ शनिवार-रविवार आणि सोमवारी राखी. पाच दिवसांत माणसं कुठून कुठून आली. ठाण्याचे सगळे झेंडावंदनाच्या आणि गावोगावच्या बंदोबस्तात, पोलीस पाटील नातेवाइकांकडे, वॉकीटॉकीची एक बॅटरी उतरलेली. शनिवारी पायथ्याला गाड्या कोणी थांबवल्या नाहीत, आणि बारा वाजता हवालदारांचा फोन आला, त्याच वळणातून, तोच आवाज. मी गाडीत बसेपर्यंत पावसानं असं झोडपायला घेतलं की दोन वाजेपर्यंत माणसं आपणहून खाली उतरली. त्या दिवशीच्या डायरीत "बंदोबस्त सुरळीत पार पडला" अशी नोंद आहे. ती मीच केली.